दोन पोती मुर्दाडशिंग

वसमतच्या मोंढ्यात अजून म्हणतात की मी भावात कधी हरलो नाही. खोटं आहे. एकदा हरलो. ज्या दोघांनी मला हरवलं, त्यांच्यापैकी एकालाही भाव करता येत नव्हता, आणि माझा राग तिथंच आहे.

बाप शिरड शहापूरकडच्या माळावर शेळ्या राखायचा. शेळी बाजारात नेऊन विकणं माझ्याकडे असे. गिऱ्हाईक शेळीच्या दातांकडे बघतं तेव्हा आपण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघावं, एवढं शिक्षण मला दहाव्या वर्षी मिळालं. बाकीचं शिक्षण मी घेतलं नाही. पुढं एका घाणेवाल्याकडे राबलो, त्याच्याशी भांडलो, आणि वसमतला मोंढ्याच्या मागं पत्र्याचं शेड भाड्यानं घेऊन स्वतःचं बेलतेल, म्हणजे जवसाचं कढवलेलं तेल, काढायला लागलो. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता आणि रब्बीत जवस भरपूर यायचा.

जवसाचं कच्चं तेल लाकडाला लावलं तर आठ-आठ दिवस चिकट राहतं, वर धूळ बसते. तेच तेल कढईत कढवून त्यात मुर्दाडशिंग घोटलं की लावल्याच्या दुसऱ्या दिवशी खडखडीत वाळतं. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाची पिवळी भुकटी. बैलगाड्या करणारे सुतार, रंगारी, दारं-खिडक्या रंगवणारे कंत्राटदार, सगळ्यांना हे तेल लागायचं. माझा माल त्यांच्यात चालत होता, कारण माझ्या कढईवर एक गडी होता.

तो सेनगावकडचा. तेलाची तार दोन बोटांत धरून, उतरवायची वेळ कोणती हे तो सांगायचा, आणि ते बराबर असायचं. भुकटी तोच कुटायचा, तोच चाळायचा, तोच कढईत टाकायचा, आणि त्याच हातानं तंबाखू मळायचा. पाचव्या वर्षी त्याच्या पोटात कळा यायला लागल्या. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उमटली. मग उजव्या हाताचा पंजा मनगटातून खाली लोंबायला लागला. पळी उचलायची तर डाव्या हातानं उजवा हात धरून उचलायचा. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, अंगात शिसं भिनलंय, हे काम सोडलं तर हात परत येईल, नाही सोडलं तर कायमचा जाईल.

"काम सोडून काय करशील?" मी विचारलं.

"तुमीच सांगा, मालक."

मी त्याला कढईकडे परत पाठवलं. त्याच्या हातापेक्षा मला त्याच्या दोन बोटांची काळजी जास्त होती, हे लपवण्यात अर्थ नाही. तसा तार ओळखणारा माणूस सगळ्या मोंढ्यात दुसरा नव्हता.

त्याच हंगामात कॉलेजातले रसायनाचे मास्तर प्रयोगशाळेच्या टेबलांसाठी तेल घ्यायला आले. तरुण माणूस, अंगात धुवून धुवून पातळ झालेला पांढरा शर्ट. जवळच्याच गावच्या बौद्ध वाड्यातले, सरकारी शिष्यवृत्तीवर औरंगाबादला एम.एस्सी. झालेले. त्यांनी भाव विचारला, मी सांगितला, त्यांनी तो मान्य केला. मला वाईट वाटलं. घासाघीस न करणारा माणूस बघितला की मला तो एकतर मूर्ख वाटतो किंवा चोर.

डबा भरताना त्यांनी गड्याचा हात पाहिला. मग हिरड्या पाहिल्या. तेलाचं विसरून ते पायलीच्या लाकडी मापावर बसले आणि म्हणाले, "शिशाशिवाय हे तेल करता येईल."

"कसं?"

"तेल वाळतं म्हणजे सुकत नाही. हवेतला प्राणवायू पितं आणि घट्ट होतं. एकट्यानं प्यायला त्याला वेळ लागतो. शिसं मध्ये पडून घाई करतं. पण तुमचं शिसं तेलातच विरघळून जातं. दर खेपेला नवं लागतं, आणि थोडं या माणसाच्या अंगात उतरतं. घाई करेल पण जागचं हलणार नाही असं काही पाहिजे. तेल गाळून घेतलं की ते मागं उरलं पाहिजे, पुढच्या खेपेला तेच."

"म्हणजे अडत्या," मी म्हणालो. "शेतकऱ्याची आणि व्यापाऱ्याची गाठ घालून देणारा."

"हो. पण अडत न घेणारा."

"मास्तर, तसा अडत्या मी अजून पाहिला न्हाई."

गडी हसला. बऱ्याच दिवसांनी हसला होता.

मास्तरांनी पोरांकडून बॅटरीचे आणि रेडिओचे संपलेले सेल गोळा केले. फोडून आतली काळी भुकटी काढली, पाच-सहा पाण्यांनी धुतली, मातीत मळली, आणि कुंभाराकडून सुपारीएवढे खडे भाजून आणले. लोहाराचा जुना भाता आणि लोखंडी पिंप मी दिलं. पिंपात कोमट-गरम तेल, तेलात तारेच्या जाळीत खडे, आणि खालून नळीनं भात्याची हवा. कढईसारखा जाळ नाही, धूर नाही. तेल बुडबुडत राहायचं आणि गडी डाव्या हातानं भाता ओढायचा.

पहिल्याच खेपेला तेल झकास घट्ट झालं. मी टाळी वाजवली. मास्तर खूश नव्हते. दुसऱ्या खेपेला त्यांनी अर्ध्या वेळात जाळी बाहेर काढली आणि हवा चालू ठेवली. तेल पुन्हा त्याच चालीनं घट्ट होत गेलं.

"बघा," ते म्हणाले, "अडत्याला घरी पाठवला तरी सौदा होतोच आहे. म्हणजे अडत्या तेलात विरघळलाय. हे खडे चोर आहेत. दहा खेपांत रिकामे होतील."

मला तेल मिळत होतं, त्यामुळं दहा खेपांनी काय होईल याची फिकीर नव्हती. पण त्यांनी ते खडे गटारात ओतले. पुढचे खडे जास्त भाजून आणले, तर ते दगड झाले. तेलाला त्यांची दादच नाही. असे चार महिने गेले. कधी भुकटी कमी, कधी भट्टीतली जागा बदल, कधी मातीत लोखंडाचा गंज. कॉलेज सुटलं की सायकलवरून यायचे, काचेच्या पट्ट्यांवर तेलाचे थर देऊन शेडच्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी बोटानं तपासायचे. गडी मध्येच विचारायचा, "सर, कवा व्हईल?" आणि ते म्हणायचे, "होईल, दादा." माझ्या गड्याला दादा म्हणणारा मोंढ्यात तो एकच माणूस.

मुर्दाडशिंगाचं काम त्या चार महिन्यांत मी बंद केलं नव्हतं. गिऱ्हाईक थांबत नाही.

पोळ्याच्या आधी खडे जमले. काळे, खरखरीत, नखानं ओरखडा न उठणारे. अर्ध्यात जाळी काढली की तेल तिथंच रेंगाळायचं, जाळी बुडवली की पुन्हा चालायला लागायचं. एकाच जाळीवर वीस खेपा झाल्या. पट्टीवरचा थर शिशाच्या तेलापेक्षा थोडा उशिरा वाळायचा, पण वाळायचा. सुतारांना फरक कळला नाही.

आता भाव ठरवायचा होता. मास्तर पैसे मागायला आले नव्हते, पण मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी आधीच घासाघिशीच्या पवित्र्यात होतो.

"खडे तुमचेच आहेत," ते म्हणाले. "ते करायची कृती मी सगळी लिहून देतो. त्याबदल्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेला हवेचा एक लहान पंप घेऊन द्या. पोरांना दाखवायला काहीच नाही."

"खडे टिकाऊ आहेत ना?"

"आहेत. नीट वापरले तर वर्षानुवर्षं चालतील."

"मग मला कृती कशाला पाहिजे? शेळी दूध देत असली तर शेळी कशी होते हे कशाला विकत घ्यायचं?"

मला वाटलं, अजून रेटायला जागा आहे. मी म्हणालो, "अन् मास्तर, तुमी शिकलात सरकारच्या पैशावर. म्हणजे आमच्याच पैशावर. मग गावाला एक कागद फुकट लिहून द्यायला तुमचं काय जातंय?"

गडी भाता ओढायचा थांबला. मास्तरांनी चष्मा पुसला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "कृती राहू द्या." मग धंद्यातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं, "खडे चिकट होऊन मंदावले की कुंभाराच्या भट्टीत पुन्हा भाजा. घासू नका, आणि आंबट कशालाही लावू नका. हे दादांनाही सांगून ठेवा."

चार महिन्यांच्या कामाबद्दल मी त्यांना एक डबा तेल दिलं. सायकलच्या कॅरिअरला त्यांनी तो स्वतःच बांधला. त्या दिवशी मला सौदा जिंकल्यासारखं वाटलं. कृती नाकारली, पंप वाचवला, माल हातात.

गड्याला मी काहीच सांगितलं नाही. धंद्यातली गुरुकिल्ली गड्याला द्यायची नसते, हा घाणेवाल्याकडे मार खाऊन शिकलेला नियम होता. गड्याला कळलं की तो शेजारच्या शेडात जातो. म्हणून खडे मंदावले की जाळी पोत्यात गुंडाळून मी स्वतः कुंभाराकडे न्यायचो आणि सकाळी आणून टांगायचो. गडी समजायचा, मालक कुठं तरी देवाला दाखवून आणतात.

मुर्दाडशिंग बंद झालं. महिनाभरानं गड्याच्या पोटातल्या कळा थांबल्या. दुसऱ्या महिन्यात एके दिवशी त्यानं चहाचा कप उजव्या हातानं उचलला. सांडला, पण उचलला. तो माझ्याकडे बघत होता, मी काही तरी बोलेन म्हणून. मी म्हणालो, "आता भाता दोन्ही हातानं ओढता येईल." तरी तो हसला. जाता-येता जाळीला हात लावून तो हात कपाळाला लावायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारं धुऊन पुजतात. शेतकरी नांगर धुतो, सुतार वाकस धुतो. आदल्या संध्याकाळी मी गड्याला बजावलं, "उद्या मोंढ्यातले लोक येतील पूजेला. सगळं लख्ख पाहिजे. कुठं काळा डाग दिसला तर तुझी पूजा करीन."

सकाळी मी शेडात आलो तर पिंप, भाता, कढई, पळ्या सगळं चकाकत होतं. मध्ये पाटावर केळीच्या पानावर खडे मांडले होते, झेंडूच्या माळेच्या आत, प्रत्येकावर कुंकवाचा ठिपका. लाल खडे. नव्या विटेसारखे लाल.

"काळे खडे कुठंयत?"

"हेच की, मालक. लई चिकट झाले होते. आधी राखेच्या पाण्यात उकळले, मग चिंचेच्या कोळात भिजू घातले. सारी रात घासून राहिलो. काळं किती निघालं म्हणून सांगू, घंगाळभर." त्यानं उजवा हात पुढं केला. "याच हातानं घासले."

घंगाळातलं काळं पाणी त्यानं शेडमागं ओतून दिलं होतं.

मी त्याला मारलं. लोक नारळ घेऊन आत येत होते, त्यांच्यादेखत मारलं. पाट उलटा केला. तो खाली बसून खडे वेचत होता आणि विचारत होता, "काहून, मालक? माझं काय चुकलं? तुमीच म्हनला ना काळा डाग दिसू नये म्हनून?"

आता कोणी म्हणेल, तू सांगितलं नाहीस ही तुझी चूक. असेल. पण देवासारखी ठेवलेली वस्तू चिंचेनं घासायची का? पितळ आहे का ते?

लाल खड्यांवर तेल आठ दिवस बुडबुडलं आणि होतं तसं राहिलं. मास्तर दसऱ्याआधीच नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागून निघून गेले होते. मी स्वतः सेल फोडले, माती मळली, कुंभाराला शिव्या देऊन भट्ट्या लावायला लावल्या. एक खेप पिंपातच फुटून चिखल झाली. दुसरीनं तेल एकदा काळं केलं आणि मेली. कुंभार म्हणाला, "सर भट्टीपाशी बसून राख पाहायचे. तुमी घड्याळ पाहता."

गिऱ्हाईक थांबत नाही. परभणीच्या एका व्यापाऱ्याकडे मुर्दाडशिंग पडून होतं. दोन पोती एकदम उचलतो म्हणून मी त्याला रडवून रडवून भाव पाडला आणि माल आणला. कढई पुन्हा चुलीवर चढली.

गडी कढईपुढं उभा राहिला. "मालक, डॉक्टरनं न्हाई म्हनलंय."

"खडे कोणी धुतले?"

त्यानं पोतं फोडलं. गावभर बोललं जायचं की त्यानं माझं लाखाचं नुकसान केलं. ते मीच बोलायचो, त्यामुळं त्याला दुसऱ्या शेडात कोणी घेतलं नसतं. संक्रांतीपर्यंत पंजा पुन्हा लोंबला. पळी हातातून कढईत पडायला लागली, तेव्हा मी सुतळी आणली आणि पळी त्याच्या कोपराखाली बांधून दिली. गाठ मी चांगली मारतो. लहानपणी शेळ्या बांधायचो.

पण त्याची बोटं बधिर झाली होती. तार कळेना. दोन खेपा जळाल्या. तेव्हा मी नांदेडला जायचं ठरवलं, आणि त्याला बरोबर घेतलं. त्याला वाटलं, दवाखान्यात नेताहेत. मी त्याला मास्तरांना दाखवायला नेत होतो. तो हात बघून मास्तर पाघळतील, पंपाचं नावसुद्धा काढणार नाहीत, असा माझा हिशेब होता. एसटीत त्याला खिडकीपाशी बसवलं.

मास्तर प्रयोगशाळेत होते. माझ्याशी बोलायच्या आधी त्यांनी गड्याचा हात हातात घेतला, वर केला, सोडला. तो पडला. पुन्हा वर केला. पुन्हा पडला.

"तुम्ही त्यांना परत शिशावर घातलंत?"

"खडे त्यानंच बुडवले. चिंचेनं धुतले."

मास्तर गड्याकडे वळले. "दादा, चिंच लावायची नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"न्हाई सर. मला काय बी कोनी सांगितलं न्हाई."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि गड्यानंही पाहिलं. पाच वर्षांत त्यानं माझ्या डोळ्यांकडे असं बघितलं नव्हतं. मी शेळीचं गिऱ्हाईक बघतो तसं तो बघत होता.

मास्तरांनी वहीचा कागद फाडला आणि उभ्या-उभ्याच लिहायला लागले. भुकटी किती, पाणी किती, माती कुठली, भट्टीत कुठल्या थराला, राख कशी दिसली की काढायचं. पुढं-मागं दोन्ही बाजू भरल्या. मी हात पुढं केला. त्यांनी कागदाची घडी घातली आणि गड्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"हे यांचं आहे," ते म्हणाले. "तुम्ही यांच्याशी बोला."

मला हसू आलं. "बोल बाबा. काय घेणार?"

मला वाटलं, पगार मागेल. मी मनात आकडा धरून ठेवला होता, त्याच्या अर्ध्यावर तो येईल हेही ठरवलं होतं.

"मुर्दाडशिंग परत कोनाच्याच हाताला लागू द्यायचं न्हाई," तो म्हणाला. "माझ्या बी न्हाई, दुसऱ्याच्या बी न्हाई."

"कबूल. एवढंच?"

"शेडात अर्धं पोतं हाये ते आन् न फोडलेलं बी. ते गेल्या गेल्या पुरायचं."

"पुरायचं? अरे, पैसे मोजलेत त्याला! ते संपू दे, मग तुझे खडे."

"न्हाई."

"बरं, फोडलेलं पुरू. दुसरं परत विकून टाकतो."

"इकलं तर ते कोनाच्या तरी हाताला लागंलच की." आवाज चढलेला नव्हता. "न्हाई, मालक."

मी एक महिना म्हणालो. पंधरा दिवस म्हणालो. मास्तरांच्या देखत त्याचा पगार वाढवला, घराला पत्रे देतो म्हणालो, त्याच्या लेकराला कॉलेजात घालतो म्हणालो. तो लोंबता हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसला होता आणि दर वेळी तेवढंच म्हणत होता. भाव करणाऱ्याशी मी कितीही वेळ भांडेन. जो जागचा हलतच नाही, त्याचं काय करायचं?

शेवटी माझं डोकं फिरलं. ज्याला मी कढईजवळ उभं केलं, तो मला माझ्या शेडात काय पुरायचं ते सांगणार? "राहा इथंच!" मी ओरडलो. "चाट तो कागद!"

तो उठला नाही. मास्तरांनी त्याच्यासाठी चहा मागवला होता, तो आला. कप मास्तरांनी त्याच्या ओठाला लावला. मी दारातून एकदा मागं बघितलं, तेव्हा तो चहा पीत होता.

वसमतचं तिकीट मी एकच काढलं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की कागदावरचं मला काही आठवत नाही. मी अक्षरं बघत नव्हतो, मास्तरांचा हात किती वेळ चालतो ते बघत होतो.

पुढं ऐकलं की कॉलेजनं त्याला प्रयोगशाळेत शिपाई म्हणून ठेवलं, आणि हात पुरता नाही पण बराचसा परत आला. खडे त्यानं नांदेडच्या दोघा तेलवाल्यांना करून दिले, असंही ऐकलं. फुकट दिले म्हणतात. माझं पिंप, माझा भाता, माझं चार महिन्यांचं तेल वापरून जमवलेली वस्तू मास्तरांनी आणि त्यानं माझ्या दारावरून दुसऱ्याला नेऊन दिली. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी त्याला चोरी म्हणतो.

ते अर्धं पोतं आणि दुसरं अख्खं, मी एक चिमूट वाया घालवली नाही. पुढच्या दसऱ्यापर्यंत पुरलं. कढईवर नवा गडी ठेवला होता. तो तंबाखू खात नव्हता, त्यामुळं त्याचा पंजा लोंबायला जरा जास्त दिवस लागले.